कोठारातली चपटी गोळी

१

डीकन एझ्रा पुरिफॉय मक्याच्या कोठारात पडलेले सापडले, तेव्हा त्यांची टोपी अजून डोक्यावरच होती. गळ्याच्या डाव्या अंगाला छोटंसं भोक. रक्त मात्र इतकं गेलेलं की खालची कणसं तांबडी झाली होती.

सापडले ते त्यांच्या जावयाला, कीफसला. शनिवारची संध्याकाळ होती. लूडी, म्हणजे डीकनची एकुलती लेक आणि कीफसची बायको, चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर पीच सोलत बसली होती. तिला बोलवायला धावला तो मी. मी टोलिव्हर, ज्या माउंट नेबो चर्चचे ते डीकन, म्हणजे कारभारी, तिथे ऑर्गन वाजवतो. माझी बायको व्हर्नेल शेरीफच्या हाताखाली डेप्युटी आहे. जॉर्जियातल्या आमच्या काउंटीत त्या काळी बाईमाणूस डेप्युटी ती एकटीच.

डीकन दर शनिवारी कोठारात उंदीर मारायला जात, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? त्यांचं ते छोटं रिव्हॉल्व्हर आणि त्यातली बारीक छर्र्यांची काडतुसं! काडतूस करंगळीच्या पेराएवढं, तोंड पुरचुंडीसारखं चिमटलेलं, आत राजगिऱ्याएवढे छर्रे. तीन-चार हातांवर उंदीर लोळवतील, पण वर पत्र्याला लागले तर वाळू फेकल्यासारखे सरसर वाजून खाली पडतील. तुळया पोखरणारे भुंगे, खुराड्यात शिरलेला साप, आढ्यावरची कबुतरं, सगळ्यांना डीकनचा एकच उतारा. चर्चच्या सहलीला नदीच्या मातीच्या नाण्याएवढ्या चकत्या वाळवून आणायचे आणि पोरांना त्या हवेत फेकायला लावून टिपायचे.

"मोठी बंदूक माणसाला आळशी करते," म्हणायचे. "हिच्यासाठी जवळ जावं लागतं. पापाचंही तसंच आहे, लांबून नेम धरून मरत नाही ते."

पन्नास वर्षांत त्यांच्या पत्र्याला एक भोक पडलं नाही, याचा त्यांना बायबल पाठ असल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

व्हर्नेलनं त्या दिवशी सगळं कोठार पालथं घातलं. उंदराचं एक मेलेलं पिल्लूसुद्धा नाही. आणि रिव्हॉल्व्हर? तेही नाही.

"हत्यार घेऊन कोणीतरी गेलंय," शेरीफ डॅनफर्थ म्हणाला. "म्हणजे खून."

२

संशय पहिला कोणावर जाणार, हे सांगायला शेरीफ लागत नव्हता. कुंपणापलीकडचे ऑर्झेल बॅटल कबुतरं पाळत. दूर सोडली तरी घरी परतणारी, नावं ठेवलेली, लेकरांसारखी. ती डीकनच्या मक्यावर उतरत आणि डीकन त्यांना उंदरांच्याच रांगेत बसवीत.

"ब्रदर ऑर्झेल, तुम्ही त्यांना धमकी दिली होती?" व्हर्नेलनं विचारलं.

"दिली होती की. चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर दिली. धमकी काय चोरून देतात?"

"काय म्हणालात?"

"म्हणालो, एझ्रा, माझं आणखी एक पाखरू मारलंस तर तुला तुझ्याच छर्र्यांची चव दाखवीन. तर तो म्हणतो, आधी तुझ्या पाखरांना सांग, माझ्या मक्यावर हगू नका." म्हातारा हसायला गेला, पण ते हसू वाटेतच विरलं.

"शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"खुराड्यात. दाणे टाकत होतो. बार ऐकला, एकच. आणि त्याच्या पाठोपाठ टण्‌कन काहीतरी वाजलं. घंटेसारखं."

"पत्रा?"

"छे! पत्र्याचा आवाज मला झोपेतही कळेल. त्याच्या छर्र्यांनी पत्रा सरसरला की माझी पाखरं भुर्रकन उडतात. या वेळी ती दाणे टिपत राहिली. मीच चपापलो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चाळीस वर्षं भांडलो त्याच्याशी, पोरी. आता सकाळी उठून कोणाशी भांडू, सांग."

पण ऑर्झेलच्या घरात डीकनच्या रिव्हॉल्व्हरच्याच मापाची रायफल होती. ती तर आमच्याकडे घरटी असते. माझ्याही दाराआड आहे. शेरीफला तेवढं पुरलं. सोमवारी सकाळी तो त्यांना गाडीत घालायला आला. बेड्या त्या हाडकुळ्या मनगटांत सैल होत होत्या.

तेवढ्यात डीकनच्या घराकडून कीफस चालत आला. अंगावर शनिवारचेच कपडे.

"ब्रदर ऑर्झेलना सोडा," तो म्हणाला. "मी मारलं डीकनना."

३

"खोटं बोलतोय तो," व्हर्नेल त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली.

"कशावरून?"

"टॉली, खोटं बोलणारा माणूस कधी तुझ्या ऑर्गनसारखा असतो. सूर बरोबर, पण भात्यात हवाच नाही."

"माझ्या ऑर्गनला मध्ये आणू नकोस. काय म्हणाला ते सांग."

कीफस म्हणाला होता की जमीन विकण्यावरून भांडण झालं. डीकनना विकायची नव्हती, त्याला विकायची होती. दारात उभं राहून त्यानं गोळी झाडली. रिव्हॉल्व्हर कुठे आहे, सांगणार नाही. एवढंच. व्हर्नेलनं पाण्याचा पेला दिला तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर बारीक बारीक जखमा दिसल्या, टोकदार, जवळजवळ, नुकत्याच खपली धरलेल्या.

"हे काय झालं?"

"काटेरी तार," तो म्हणाला आणि हात मांडीखाली घेतला.

"तार ओरबाडते," व्हर्नेल मला म्हणाली. "हे टोचलेलं होतं. बरं, डॉक्टरांनी आज गोळी काढून दिली. बटणासारखी चपटी. आणि गळ्यात बोटाच्या पेरापेक्षा खोल गेली नव्हती. तिनं नेमकी शीर गाठली म्हणून माणूस गेला. दारातून, समोरासमोर झाडलेली गोळी अशी असते? ती आधीच कशावर तरी आपटून, थकून आली होती."

"मग कीफस कबूल कशाला करतोय?"

"तेच तर. फक्त एकच गोष्ट त्यानं मागितली. म्हणाला, सिस्टर व्हर्नेल, लूडीला इथे आणू नका. आणि तिला काही विचारू नका." तिनं मक्याच्या पावाचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. "म्हणजे मला तिलाच विचारायला हवं."

४

लूडी बापाचे चांगले बूट पुसत होती. पुरायच्या वेळी त्यांना घालायला.

"कीफसनं बाबांवर हात उचलला हे मला पटत नाही," ती म्हणाली. "जमीन? अगं, ती विकायची नाही म्हणून तोच माझ्याशी भांडायचा! पण व्हर्नेल, बाबा गेल्यापासून तो माझ्याकडे बघत नाही. सोमवारी गेला तेव्हाही भिंतीकडे बघून 'येतो' म्हणाला. निर्दोष माणूस असा का वागेल?"

"बाबांचं रिव्हॉल्व्हर शेवटचं कधी पाहिलंस?"

"जुनं की नवं?"

व्हर्नेल जागच्या जागी थांबली. "नवं कुठलं?"

"तू तेव्हा ड्यूटीवर होतीस. ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी बाबांचा वाढदिवस झाला ना, चर्चच्या हॉलमध्ये, तेव्हा मी दिलं. जुन्याचा घोडा सैल झालेला. एकदा टेबलावर ठेवताना आपोआप उडालं होतं, भिंतीत छर्रे बसले. मला झोप लागेना. म्हणून शहरातल्या दुकानात जुनं देऊन टाकलं आणि त्यावर नवं घेतलं. दुकानदार म्हणाला, माप तेच, काडतुसं तीच, चक्रात सहाच घरं. म्हाताऱ्यांना नव्यानं काही शिकावं लागणार नाही." ती बुटावरून फडकं फिरवत राहिली. "बाबा काय खूश झाले होते! म्हणाले, माझ्या लेकीला मी हवाय अजून काही वर्षं."

व्हर्नेलनं पुढे काही विचारलं नाही. दारात आल्यावर लूडीनंच विचारलं, "ते नवं रिव्हॉल्व्हर सापडलं की मला देशील? त्यांच्या हातातली शेवटची वस्तू आहे."

"बघते," एवढंच माझी बायको म्हणाली. मला नंतर सांगताना म्हणाली, "अजून मला काही कळलं नव्हतं, टॉली. तरी 'देते' असं म्हणवलं नाही."

५

डीकनचा अंत्यविधी झाला तेव्हा चर्चात उभं राहायला जागा नव्हती. शेरीफनं कीफसला पहाऱ्यात आणायची तयारी दाखवली होती, पण त्यानंच नको म्हटलं. लूडी पहिल्या बाकावर एकटी बसली. शेजारची जागा रिकामी ठेवून.

रेव्हरंड आयसम उपदेशाला उभे राहिले. आमच्याकडे उपदेश नुसता सांगत नाहीत. आधी तो चालतो, मग धावतो, आणि मग प्रभूची कृपा झाली की गाऊ लागतो. रेव्हरंडांचा आवाज सुरात शिरला की मी त्यांच्या प्रत्येक ओळीमागे ऑर्गनची एक तान टाकतो, आणि मागून लोक म्हणतात, "बोला, पास्टर, बोला!" अशा वेळी छप्पर वर उचललं गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज सुरुवातीलाच ओला होता.

"मी आज या माणसाच्या हातांबद्दल बोलणार आहे..." ते म्हणाले.

"बोला!"

"त्या हातांनी या चर्चच्या विटा रचल्या..."

"हो, रचल्या!"

"शेवटी शेवटी डोळे मंदावले होते, पण हातांना डोळे लागत नव्हते..." आता ते गाऊ लागले होते. "प्रभुभोजनाचे पेले ते न बघता भरायचे... एक थेंब सांडला का?"

"नाही सांडला!"

"दिवा नसला तरी कुलूप उघडायचे... काडतुसं चाचपून भरायचे, हे छर्र्यांचं, हे गोळीचं... आधी कुठलं, मागून कुठलं... अरे, जे पन्नास वर्षं केलं, ते हात विसरतात का?"

"नाही विसरत!"

मी तान टाकली आणि वर पाहिलं. गायकवृंदात दुसऱ्या ओळीत उभी असलेली व्हर्नेल स्वतःच्या बोटांकडे टक लावून बघत होती. रेव्हरंड पुढच्या ओळीला पोचायच्या आत ती झगा सावरत बाजूच्या दारानं बाहेर पडली.

ती थेट कोठारात गेली. कणसांचे दाणे काढायचं जुनं यंत्र कोपऱ्यात होतं, लोखंडी, मोठ्या चाकाचं. त्याच्या बुडाशी उंदरांचं बीळ. ती उकिडवी बसली. चाकाच्या आतल्या वाकणात, जिथे जुना गंज होता, तिथे शिशाचा चकचकीत नवा ठिपका होता.

ऑर्झेल बॅटलनी ऐकलेली घंटा ती हीच.

मग ती तिथून घराकडे निघाली, कीफस शनिवारी ज्या वाटेनं धावला असेल त्या वाटेनं. वाटेत कोंबड्यांचं खुराडं लागतं. शेरीफच्या माणसांनी ते धुंडाळलं होतं, फक्त एक खोपा सोडून. त्यात जेझबेल नावाची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि तिच्या खाली हात घालायची छाती त्या दोघा वर्दीवाल्यांना झाली नव्हती.

व्हर्नेलनं झग्याची बाही हातावर ओढली आणि हात घातला. जेझबेलनं तो सोलून काढला. बारीक बारीक, टोकदार, जवळजवळ जखमा.

अंड्यांखाली गवतात रिव्हॉल्व्हर होतं.

६

दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या दुकानात गेली. जुनं रिव्हॉल्व्हर अजून विकलं गेलं नव्हतं. दोन्ही घेऊन ती कोठडीत कीफससमोर बसली. शेरीफलाही तिनं बसवून घेतलं होतं.

"ब्रदर कीफस, डीकन काडतुसं कशी भरायचे?"

त्यानं दोन्ही रिव्हॉल्व्हरांवरची नजर भिंतीकडे नेली.

"मी सांगते. घोड्याखालचं घर रिकामं, धोका नको म्हणून. मग छर्र्यांची दोन, कारण आधी समोर येणार उंदीर नाहीतर साप. बाकीच्या तीन घरांत खऱ्या गोळ्या, पिसाळलेला कोल्हा आलाच तर. आपल्याकडे सगळे म्हातारे असंच भरतात. शेरीफ, तुमचे वडीलही असंच भरायचे."

"भरायचे," शेरीफ म्हणाला.

"हे जुनं." तिनं घोडा ओढला. "चक्र उजवीकडे फिरतं. म्हणजे डाव्या हाताचं घर आधी वर येतं. डीकन पन्नास वर्षं छर्रे डावीकडे भरत आले. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. आणि हे नवं." तिनं दुसरं उचललं. चक्र हळूच उलटीकडे सरकलं. "डावीकडे फिरतं. उजव्या हाताचं घर आधी येतं. माप तेच, काडतुसं तीच, सहाच घरं. एवढा एकच फरक. तो दुकानदारानं सांगितला नाही, आणि बोटांना कळला नाही."

शेरीफनं तोंडातली काडी काढली.

"तुम्ही लपवलेलं मी उघडून पाहिलं. घोड्याखाली झाडलेलं कवच, गोळीचं. त्याच्या डावीकडे रिकामं घर. त्याच्याही पलीकडे छर्र्यांची दोन काडतुसं, न झाडलेली. डीकन बिळापाशी वाकले, उंदरावर छर्रे झाडले असं त्यांना वाटलं. छर्रे असते तर लोखंडावर विखरून पडले असते. पन्नास वर्षं पडतच होते, म्हणून मागे लोखंड आहे याचा त्यांनी कधी विचारच केला नाही. पण सुटली ती गोळी. चाकाच्या वाकणात शिरली आणि परत फिरली."

कीफस भिंतीला टेकला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"कोणी खून केलेला नाही," व्हर्नेल म्हणाली. "आणि तुम्हाला ते पहिल्या क्षणापासून माहीत होतं."

"मी उघडून बघितलं," तो अगदी हळू म्हणाला. "ते पडले होते आणि ते हातात होतं. उघडलं आणि कळलं. कारण... रविवारीच कळायला हवं होतं, सिस्टर. हॉलमध्ये ते हातोहात फिरलं तेव्हा मी चक्र फिरवून पाहिलं होतं. उलटं फिरतंय हे दिसलं होतं. म्हटलं, डीकनना सांगतो. सोमवारपासून शेंगा उपटायला लागलो. राहून गेलं."

व्हर्नेलनं नवं रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं.

"लूडीनं त्यांचा जीव वाचावा म्हणून ते आणलं," तो म्हणाला. "तिला हे कळलं तर ती जगेल कशी? मला वाटलं, हत्यार नाहीसं केलं की कोणीतरी परका चोर-बीर, म्हणतील आणि सोडून देतील. ऑर्झेलना धरतील हे ध्यानातच आलं नाही. त्यांना धरल्यावर मग गप्प राहता येईना. शेरीफ, चूक माझीच आहे ना? मग मला इथेच राहू द्या. मी निमूट राहीन. तिला फक्त सांगू नका."

शेरीफ डॅनफर्थ कडक माणूस. पण त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. "विसरलेल्या गोष्टीसाठी काउंटीकडे कोठडी नाही, बाबा," तो म्हणाला. "घरी जा."

"आणि तिला?"

"तिला कोणीतरी सांगणारच," व्हर्नेल म्हणाली. "तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

७

आमच्याच ट्रकमधून आम्ही त्याला घरी नेलं. लूडी ओट्यावर शेंगा निवडत होती. नवऱ्याला पाहून उठली, पण पुढे आली नाही.

कीफसनं सगळं सांगितलं. उभ्यानंच. उजवं-डावं सांगताना त्याचे हात हवेत फिरत होते, आणि ती त्या हातांकडे बघत होती. मी ओट्याखाली व्हर्नेलच्या शेजारी उभा होतो. निघून जावंसं वाटत होतं, आणि पाय निघत नव्हते.

त्याचं बोलणं संपलं. लूडी खाली बसली. एप्रनमधल्या शेंगा घरंगळल्या, त्या तिनं गोळा केल्या नाहीत.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"नाही, लूडी. मी सांगायला विसरलो..."

"थांब." तिनं हात वर केला. मी मनातल्या मनात प्रभूकडे शब्द मागत होतो, तिच्यासाठी, आमच्यासाठी. एकही मिळाला नाही.

मग ती म्हणाली, "बाबांना मी काय दिलं, ते मी देवाशी बोलून घेईन, आयुष्यभर बोलत बसेन. त्यात तू मध्ये येऊ नकोस. पण कीफस, मला सांग, तू कोणाला वाचवलंस?"

"तुला."

"मला?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "पहिल्या बाकावर मी एकटी बसले होते. सगळं गाव माझ्या पाठीकडे बघत होतं, बापाची लेक आणि खुन्याची बायको म्हणून. शेजारी जागा ठेवली होती मी. बेड्या घालून आणतो म्हणाला होता शेरीफ, तरी तू आला नाहीस. बाबांवर माती टाकताना माझा हात धरायला कोणी नव्हतं. खरं कळलं असतं तर मी रडले असते, मेले असते कदाचित. पण तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून. ते आता पुन्हा होणार आहे का?"

कीफसनं टोपी काढून हातात घेतली.  

व्हर्नेलनं माझी बाही ओढली. आम्ही ट्रककडे वळलो. पाठीमागे ओट्याच्या फळ्या वाजल्या, मग त्यांच्या जुन्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर लूडी स्टिअरिंगपाशी बसली होती, आणि तो अजून अंगणातच, टोपी हातात धरून.

"उभा काय राहिलास?" ती आतून म्हणाली. आवाज रागाचाच होता. "बस. कबरीवरची माती अजून ओली आहे. एक मूठ तरी टाक, आणि या वेळी माझा हात सोडू नकोस."